गाविलगड ओस पडला नाही, ओस पाडला गेला

मूर्तिजापूर, दर्यापूर वा अकोल्याहून चिखलदऱ्याला सहल निघाली की देवी पॉइंट, भीमकुंड आणि भाजलेले कणीस एवढ्यात ती आटोपते. जवळच असलेल्या गाविलगडाला अर्धा तास मिळाला तर मिळाला! ‘पडका किल्ला’ एवढीच त्याची ओळख उरली आहे. परंतु हा किल्ला काळाच्या ओघात आपोआप पडलेला नाही.

गवळी राजांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या डोंगरावर १४२५ मध्ये अहमदशहा बहामनीने तटबंदी उभारली. पुढे इमादशाहीचा संस्थापक फतेहउल्ला याने ती बळकट केली. हा मूळचा विजयनगरच्या राज्यातील हिंदू मुलगा. स्वारीत पकडला गेला आणि धर्मांतरित झाला. गडाच्या दिल्ली दरवाजावर आजही गंडभेरुंड कोरलेला दिसतो. दक्षिणेतील हे राजचिन्ह सातपुड्यात कसे आले, याचे उत्तर बहुधा फतेहउल्लाच्या बालपणात दडलेले असावे. अकबराच्या काळात गाविल हे वऱ्हाडातील एका सरकारचे ठाणे होते. वर तलाव, मशिदी, महाल असा सारा पसारा होता. नंतर गडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला.

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे भोसले-शिंद्यांच्या सैन्याचा पराभव झाला. त्यानंतर वेलस्लीने दक्षिणेकडून गडाला गुंतवून ठेवले आणि स्टीव्हन्सनने अवजड तोफा रानावनातून, दऱ्याखोऱ्यांतून माणसांच्या हातांनी ओढून उत्तरेकडे नेल्या. १५ डिसेंबरला तटाला खिंडार पडून गड पडला. किल्लेदार बेनीसिंग आपल्या राजपुतांसह लढता लढता दरवाजात धारातीर्थी पडला. होळकर मात्र या साऱ्या युद्धापासून अलिप्तच राहिले. त्यांच्यावर इंग्रजांची पाळी आली ती पुढच्याच वर्षी, आणि तेव्हा भोसले-शिंदे तह करून मोकळे झाले होते. गाविलगड तोफांनी पडला हे खरे. पण तोफा वर चढवण्याची सवड इंग्रजांना आपल्या दुहीने दिली, हे अधिक खरे.

देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला. गाविलगड आणि नरनाळा तेवढे भोसल्यांकडे राहिले, तेही काही वर्षेच. १८५८ मध्ये तात्या टोपे नर्मदा ओलांडून सातपुड्यात उतरले, तेव्हा गड त्यांच्या हाती लागू नये म्हणून इंग्रजांनी त्याची तटबंदी मोडून टाकली. अर्धशतकापूर्वी जिंकलेल्या गडाचाही एवढा धसका! शेजारचे चिखलदरा तोवर साहेबांचे थंड हवेचे ठिकाण झाले होते. एक वस्ती उजाड झाली, दुसरी सजली.

बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज लेखकाने याच वेढ्यावर कादंबरी लिहिली. ती जगभर वाचली जाते. बेनीसिंगचे नाव मात्र वऱ्हाडातील किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले समाविष्ट झाले. त्याचा आनंद सर्वांनाच झाला, पण त्यांत वऱ्हाडातील एकही नाही. गड पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, भोवती व्याघ्र प्रकल्पाचे अरण्य आहे. तेथे रोषणाई वा उपाहारगृहे कोणी मागत नाही. मात्र दिल्ली दरवाजापाशी १८०३ आणि १८५८ चा वृत्तांत सांगणारा स्वच्छ मराठी फलक लावणे आणि सहलीच्या बसमध्ये इतिहासाच्या शिक्षकाला एक आसन राखणे, एवढे येत्या १५ डिसेंबरपूर्वी सहज होऊ शकते.