चोरटा व्यापार आणि लोकांची सुरक्षितता

जकात चुकवून आणलेला माल विकत घेणें हा आपल्या शहरांतील पुष्कळ सभ्य गृहस्थांच्या दृष्टीनें अपराधच नव्हे. घरफोड्यास जो उंबरठ्याशीं उभा करणार नाहीं, तोच गृहस्थ बिनपावतीचें सोनें थोडें स्वस्त मिळतें म्हणून आनंदानें पदरांत पाडून घेतो. आणि विचारलें तर म्हणतो, ‘यांत बुडालें तर सरकारचें बुडालें, कोणाचा जीव तर गेला नाहीं ना?’ या प्रश्नाचें उत्तर मुंबई शहरानें एकदां रक्तानें लिहून दिलेलें आहे. त्याचें विस्मरण होत चाललें आहे, म्हणून तें पुन्हां सांगणें आम्हांस अवश्य वाटतें.

1963 च्या जानेवारींत सरकारनें चौदा कॅरटहून अधिक कसाचे दागिने घडविण्यास बंदी केली व 1968 सालीं सुवर्णनियंत्रणाचा कायदा झाला. हेतु परकीय चलन वांचविण्याचा होता. परिणाम असा झाला कीं, प्रामाणिक सोनाराचा धंदा बसला आणि लग्नकार्यांतील सोन्याची हौस मात्र जशीच्या तशीच राहिली. ती हौस भागविण्यास दुबईकडील गलबतें पुढें आलीं. कोंकणच्या खाड्यांत रात्रीं माल उतरवून घेणारे, तो वाहणारे, पाहून न पाहिल्यासारखें करणारे अधिकारी आणि शेवटीं तो विकत घेणारे गिऱ्हाईक, अशी एक पक्की सांखळी तयार झाली. कायदा 1990 सालीं रद्द झाला. परंतु 27 वर्षांत मळलेली वाट कायद्याबरोबर बुजली नाहीं.

1992 च्या डिसेंबरांत बाबरी मशीद पाडली गेली व मुंबईंत त्या महिन्यांत आणि पुढच्या जानेवारींत भीषण दंगली झाल्या. त्यांतून सूडाची बुद्धि उत्पन्न झाली हें खरें. परंतु सूडाची बुद्धि असणें निराळें आणि सूडाचें साधन हातीं असणें निराळें. तें साधन चोरट्या व्यापारानें पुरविलें. 1993 च्या जानेवारी-फेब्रुवारींत श्रीवर्धन तालुक्यांतील दिघी व शेखाडी येथें शस्त्रें आणि आरडीएक्स हें स्फोटक द्रव्य उतरविण्यांत आलें. वाट तीच, माणसें तींच, आणि लांचही तीच. जानेवारींत गोंडघर फाट्यावर पोलिसांनीं मालाच्या गाड्या अडविल्या होत्या. पण लांचेचा सौदा ठरला, रकमेची हमी म्हणून चांदीच्या विटा ठेवून घेतल्या गेल्या व गाड्या पुढें गेल्या. ता. 12 मार्च 1993 रोजीं दुपारीं शेअरबाजारापासून स्फोटांस आरंभ झाला व 257 माणसें प्राणांस मुकलीं. ज्या झवेरी बाजारांत सोन्याची उलाढाल चालते, त्या बाजारासही त्या दिवशीं स्फोटानें सोडलें नाहीं. विशेष न्यायालयानें 2006-07 सालीं 100 जणांस दोषी ठरविलें. त्यांत कस्टम व पोलीस या दोन्ही खात्यांतील अधिकारी होते.

या गोष्टीचें मर्म हें कीं, चोरवाट मालाची जात विचारीत नाहीं. गोंडघर फाट्यावर ज्यांनीं चांदी ठेवून घेतली, त्यांनीं गाड्यांत काय आहे याची चौकशी न करण्याची किंमत घेतली. आणि एकदां चौकशी न करणें विकाऊ झालें, म्हणजे तें सोन्यापुरतेंच विकलें जाईल अशी हमी कोणी द्यावी?

हा रोग एका शहराचा किंवा एका देशाचा नाहीं. पाकिस्तानचे अणुशास्त्रज्ञ अब्दुल कादिर खान यांच्या व्यापारजाळ्यानें युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांचे भाग मलेशियांत करवून घेतले व दुबईमार्गें लिबियाकडे रवाना केले. 2003 च्या ऑक्टोबरांत ‘बीबीसी चायना’ हें जहाज इटालींतील तारांतो बंदरांत अडविलें गेलें तेव्हां तें कपट उघडकीस आलें. तेथेंही साधनें हींच : खोटीं कागदपत्रें, मधले दलाल आणि प्रश्न न विचारणारीं बंदरें. त्यानंतर ता. 28 एप्रिल 2004 रोजीं सुरक्षा परिषदेनें 1540 क्रमांकाचा ठराव करून, राज्यसत्तेबाहेरील टोळ्यांच्या हातीं सर्वसंहारक शस्त्रें पडूं नयेत याची जबाबदारी प्रत्येक राष्ट्रावर टाकली. पूर्वीं राष्ट्रांस शत्रूच्या सैन्याचें भय असे. आतां ज्यास ना राजधानी ना ध्वज, अशा टोळीचें भयही तितकेंच मोजावें लागतें.

व्यापारी वर्ग म्हणेल कीं, जकात भरमसाट असली तर माल चोरून येणारच. दोष सरकारचा आहे. यांत तथ्य आहे. 2012 च्या जानेवारींत सोन्यावर 2 टक्के जकात होती, ती पुढील वर्षीं ऑगस्टांत 10 टक्के झाली आणि चोरटी आयात लगेच वाढली. 2022 सालीं एकूण भार 15 टक्क्यांवर गेला व 2024 च्या जुलैंत तो 6 टक्क्यांवर आणला, तो या अनुभवानेंच. कर बसवितांना चोरट्याचा नफा किती वाढेल याचाही हिशेब सरकारनें धरलाच पाहिजे. तसेंच 1993 सालीं नेमलेल्या व्होरा समितीनें गुन्हेगारी टोळ्या, अधिकारी व राजकारणी यांच्या संगनमतावर जें बोट ठेविलें, तें केवळ दप्तरांत ठेवण्यासाठीं नव्हतें.

परंतु सरकारचा दोष दाखविल्यानें आपला दोष धुतला जात नाहीं. गलबतांवर पहारा सरकार ठेवील. पेढीवरील पहारा पेढीच्या मालकानेंच ठेवावयाचा आहे. बिनपावतीचा माल घेणार नाहीं व देणार नाहीं, एवढा एक नियम सराफांच्या मंडळ्यांनीं आपण होऊन कडक पाळला आणि गिऱ्हाइकानें पावती मागण्यास लाजूं नये असें ठरविलें, तर चोरवाटेवरील रहदारी पुष्कळ ओसरेल. तोळ्यामागें वांचणारे चार पैसे कोणत्या गाडीचें भाडें भरतात, हें घेणाऱ्यास कधींच कळत नाहीं. म्हणूनच ते वांचवूं नयेत.