मुक्या पट्ट्यांची हकीकत

दिवाळीपूर्वीची झाडलोट चालू असता, नातीच्या डिजिटल पियानोवर साचलेली धूळ पाहून, काचा पुसण्याच्या द्रावणाचा फवारा मी थेट त्याच्या पट्ट्यांवर मारला आणि मऊ फडक्याने त्या लख्ख पुसून काढल्या. त्या रात्री वाद्य ठीक वाजले. परंतु चार-सहा दिवसांत काही पट्ट्या अजिबात बोलेनात, आणि दोन तर बोटाचा नुसता स्पर्श होताच कर्कश ओरडू लागल्या. पेटीची पट्टी मुकी झाली तर तिचा सूर (रीड) बाहेर काढून त्याच्या जिभेत अडकलेला कचरा झटकावा, एवढे ज्ञान आम्हां पेटीवाल्यांना असते. येथे मात्र सूरही नव्हता आणि भाताही नव्हता.

कारागिराने वाद्य उघडले तेव्हा जे दिसले, त्याने मी थक्क झालो. प्रत्येक पट्टीखाली रबराचा चिमुकला घुमट, त्याच्या पोटात कार्बनच्या दोन टिकल्या, आणि त्या एकीमागून एक टेकतील अशी त्यांची रचना. पट्टी दाबली असता पहिली व दुसरी टेकण्यात जो सूक्ष्म काळ जातो, तो मोजूनच यंत्र बोटाचा आघात हळुवार की जोरकस, हे ठरवते. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्स येथे क्रिस्तोफोरीने घडवलेल्या वाद्याच्या नावातच ‘हळू आणि जोरात’ हा अर्थ होता. तो सारा अर्थ आता या दोन टिकल्यांमधल्या अवधीत येऊन राहिला आहे. तेथे ओलाव्याने मळाचा थर बसला, की यंत्राला वेग उमगत नाही, आणि ते एकतर मौन धरते किंवा भलताच मोठा आवाज काढते.

८८ पट्ट्यांच्या १७६ टिकल्यांना स्वतंत्र तारा देणे अव्यवहार्य, म्हणून त्यांची उभी-आडवी जाळी विणलेली असते. यास्तव एखाद-दुसरी विखुरलेली पट्टी गेली तर कसूर टिकलीचा. ठराविक क्रमाने अनेक गेल्या तर तांब्याचा मार्गच कोठे तरी खंडित. आमच्याकडे दोन्ही घडले होते. कारागिराने आयसोप्रोपिल अल्कोहोलात किंचित ओलावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने टिकल्या अलगद टिपल्या (रगडल्यास कार्बनचा लेपच निघून येतो), आणि जेथे तांबे हिरवे पडून तुटले होते तेथे केसाएवढी तार डाख देऊन जोडली. सर्किटची अख्खी पाटीच बदलण्याची तजवीज अन्यत्र सुचवली गेली होती. मला या माणसाची दोन तासांची चिकाटी अधिक मोलाची वाटते.

वाचकांनी एवढी खबरदारी घ्यावी, की पुसण्यापूर्वी वीज बंद करावी, फडके घट्ट पिळून घ्यावे, आणि कोणतेही द्रावण पट्ट्यांवर फवारू नये.

परवा नातीने डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी आधी हळू आणि मग जोराने दाबून पाहिली. सर्व ८८ दोन्ही वेळा बोलल्या.