चौदा वर्षांचे मोल

युरोपातील नागरिकास अकारण डांबून ठेवले आणि स्वदेशी दाद लागली नाही, तर तो स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयाकडे भरपाई मागू शकतो. अमेरिका व आफ्रिका खंडांसाठीही अशी न्यायालये आहेत, आशियासाठी नाही. मग आपल्याकडच्या माणसाने जावे कोठे?

बिहारचा रुदुल शाह ३ जून १९६८ रोजी मुझफ्फरपूरच्या सत्र न्यायालयात निर्दोष ठरला. तुरुंगातून सुटला १६ ऑक्टोबर १९८२ रोजी! तो वेडा होता, ही सरकारची सबब टिकली नाही. १ ऑगस्ट १९८३ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने घटनेच्या ३२व्या कलमाखाली त्यास एकूण ३५ हजार रुपये देवविले. महिन्याकाठी दोनशेच्या आसपास पडले, हा हिशेब आम्हांस अस्वस्थ करतो. १९७६ च्या जबलपूर खटल्यात हेच न्यायमूर्ती आणीबाणीतील अटकेविरुद्ध दाद नाकारणाऱ्यांत होते, हेही आम्ही विसरलेलो नाही. तरी भरपाईची वाट त्यांनीच मोकळी केली.

आमच्या बालाघाट जिल्ह्यातील एक गोंड तरुण भोपाळला डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षात असताना २००८ साली खुनाच्या आरोपाखाली पकडला गेला. मे २०२२ मध्ये जबलपूरच्या उच्च न्यायालयाने त्यास निर्दोष ठरवून ४२ लाखांची भरपाई देण्याचा आदेश दिला. विधी आयोगाने २०१८ च्या २७७व्या अहवालात यासाठी फौजदारी प्रक्रिया संहितेत दुरुस्ती सुचविली होती. ती झालेली नाही.

वाचकहो, ओळखीत कोणी असा अडकला असेल, तर घरच्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे धाडावे. कोठडीतील व्यक्तीस १९८७ च्या कायद्यान्वये वकील विनामूल्य मिळतो.