करी रोडचीं छायाचित्रें कुलुपांत कां?

ता. २९ सप्टेंबर २०१७ रोजीं एल्फिन्स्टन रोडच्या पादचारी पुलावरील चेंगराचेंगरींत २३ जीव गेले. पुढें लष्करानें तेथें व जवळच्या करी रोडला बांधलेले पूल २०१८ च्या फेब्रुवारींत खुले झाले. पुलांची नोंद सरकारदप्तरीं आहे. परंतु जखमींना उचलून नेणारे, रक्त देण्यास धांवलेले सामान्यजन कोठें नोंदले आहेत? त्यांचीं छायाचित्रें परळ-करी रोडच्या चाळींतील फोनांत पडून असतील. फोन बिघडला कीं तींहि गेलीं!

'दुःखाचें प्रदर्शन कशाला?' असें कांहीं सभ्य गृहस्थ विचारतात. मृतांचे चेहरे दाखवूं नयेत, हें आम्हांसहि मान्य आहे. पण मदतीचे हात झांकण्यांत कोणती सभ्यता? कायद्यानें छायाचित्रकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरहि ६० वर्षें टिकतो. म्हणून 'खुशाल वापरा' असें तोंडीं म्हणून भागत नाहीं. मुक्त परवाना लेखी द्यावा लागतो. विकिमीडिया कॉमन्ससारख्या सार्वजनिक भांडारांत तो देतां येतो आणि छायाचित्रकाराच्या नांवाचें श्रेयहि राहतें.

त्या दिवशीं धांवून जातांना ज्यांनीं कोणाची परवानगी विचारली नाहीं, त्यांची आठवण आपण परवानगीवांचून कुजूं द्यावी काय?