फ्रान्समधील सामूहिक यात्रा : दार कोणते आणि आपण कोण?

पवित्र सप्ताहातील सोमवारी, १५ एप्रिल २०१९ रोजी, पॅरिसचे नोत्र दाम कॅथेड्रल जळताना साऱ्या जगाने पाहिले. त्यानंतर साडेपाच वर्षांनी, ७ डिसेंबर २०२४ रोजी, त्याचे दरवाजे पुन्हा उघडले आणि दुसऱ्या दिवशी, आगमनकाळातील दुसऱ्या रविवारी, नव्या वेदीचे पवित्रीकरण झाले. या कामासाठी सुमारे १५० देशांतील ३ लाख ४० हजार दात्यांनी ८४ कोटी ६० लाख युरो दिले. दार उघडल्यावर पहिल्या सहा महिन्यांतच सुमारे ६० लाख माणसे आत येऊन गेली. साहजिकच आपल्या धर्मग्रामांतूनही फ्रान्सला जाणाऱ्या गटांची चर्चा वाढली आहे. लूर्द तर आपल्या यादीत पूर्वीपासूनच होते. आता पॅरिसही आले.

मात्र याच काळात फ्रान्समध्ये एक वाद उभा राहिला, आणि त्याचा संबंध आपल्यासारख्या दूरदेशीच्या भाविकांशी थेट येतो. कॅथेड्रल उघडण्यापूर्वी दीड महिना, ऑक्टोबर २०२४ मध्ये, त्या वेळच्या सांस्कृतिक मंत्री रशिदा दाती यांनी असे सुचविले की, नोत्र दाम पाहण्यास येणाऱ्या प्रत्येक पर्यटकाकडून ५ युरो घ्यावेत. त्यातून वर्षाला साडेसात कोटी युरो जमतील आणि देशभरातील पडक्या चर्चवास्तू वाचविता येतील. प्रार्थनेला येणाऱ्यांकडून काही घेतले जाणार नव्हते. ऐकताना ही सूचना वाजवी वाटते. तरीही पॅरिसच्या धर्मप्रांताने ती नाकारली. चर्चचे दार प्रत्येक स्त्री-पुरुषाला विनाअट खुले असले पाहिजे, ही त्यांची भूमिका होती.

या नकारामागे केवळ भावना नव्हती, कायदाही होता. ९ डिसेंबर १९०५ च्या कायद्याने फ्रान्समध्ये धर्म आणि शासन यांची फारकत झाली. त्यापूर्वी बांधलेली बहुतेक कॅथेड्रल शासनाच्या मालकीची आणि गावोगावची चर्चे नगरपालिकांच्या मालकीची ठरली. ख्रिस्तसभेला तेथे उपासनेचा अधिकार राहिला. म्हणजे नोत्र दामचे छत गळले तर ते दुरुस्त करणे शासनाचे काम, आणि आत मिस्सा कधी होईल हे ठरविणे धर्मगुरूंचे काम. त्याच कायद्याच्या १७ व्या कलमात असे स्पष्ट म्हटले आहे की, अशा वास्तूंचे दर्शन सर्वांना खुले राहील आणि त्यासाठी कोणताही कर वा शुल्क घेता येणार नाही. जो कायदा त्या काळी ख्रिस्तसभेवरील मोठा आघात मानला गेला, तोच आज तिचे दार विनामूल्य राखून आहे. इतिहासाची ही गंमत आपण ध्यानात घेण्यासारखी आहे.

मंत्रिमहोदयांची अडचणही खोटी नव्हती. फ्रान्सच्या सिनेटच्या २०२२ च्या अहवालाने असा इशारा दिला होता की, २०३० पर्यंत अडीच ते पाच हजार धार्मिक वास्तू ओस पडण्याचा, विकल्या जाण्याचा किंवा पाडल्या जाण्याचा धोका आहे. लहान गावाच्या नगरपालिकेला चर्चच्या मनोऱ्याचा खर्च झेपत नाही आणि रविवारी मिस्साला येणारी माणसेही मूठभरच. ही वस्तुस्थिती आहे, आणि पैसा कोठून तरी यायला हवाच.

नोत्र दामचे दार खुले राहिले, पण दुसरीकडे दर वाढले. पॅरिसच्या लुव्र संग्रहालयाने १४ जानेवारी २०२६ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरील प्रौढ पर्यटकांना ३२ युरो आकारण्यास सुरुवात केली. युरोपीयांना मात्र २२ युरोच. सेंत शापेल या तेराव्या शतकातील चॅपेलमध्ये युरोपीयांना १६ आणि इतरांना २२ युरो. व्हर्सायच्या राजवाड्यातही परकीयांचा दर वेगळा झाला. संग्रहालयाच्या कर्मचारी संघटनांनी हा भेदभाव असल्याचे सांगून विरोध केला.

आपण यावर रागवावे काय? घारापुरीची लेणी पाहण्यास भारतीयाला ४० रुपये लागतात आणि परदेशी पाहुण्याला ६००. हे आपल्याला आजवर कधी खटकले नाही. जो नागरिक कर भरून वास्तू सांभाळतो त्याला सवलत, हा विचार दोन्हीकडे एकच आहे. तेव्हा लुव्रच्या खिडकीपाशी उभे राहून अन्यायाची भाषा आपल्या तोंडी शोभणार नाही. गोव्यातील आपल्या बांधवांपैकी अनेकांकडे पोर्तुगालचे पारपत्र आहे. त्यांना २२ युरो पडतील, आणि त्यांच्याच सोबत आलेल्या मावसभावाकडे भारतीय पारपत्र असेल तर त्याला ३२. (वसई १७३९ सालीच पोर्तुगीजांच्या हातून गेली; त्यामुळे वसईकरांना ती सोय नाही!)

गटाचे गणित तर आधीच मांडून ठेवावे. लुव्रमध्ये मान्यताप्राप्त मार्गदर्शकाबरोबर येणाऱ्या गटातील बिगर-युरोपीय व्यक्तीस २८ युरो पडतात आणि एका गटात २० पेक्षा अधिक माणसे चालत नाहीत. आपल्या धर्मग्रामातून ४० जण बसने निघाले, तर तेथे त्यांचे दोन गट होतील, मार्गदर्शक दोन लागतील, आणि केवळ तिकिटांचेच १,१२० युरो होतील. युरोने शंभर रुपयांची पातळी ओलांडली आहे. म्हणजे एका दुपारचा हा खर्च लाखाच्या वर गेला. अठरा वर्षांखालील मुलांना मात्र, ती कोणत्याही देशाची असोत, लुव्र आणि सेंत शापेल दोन्ही विनामूल्य आहेत. कुटुंबांनी हे विसरू नये. लुव्र मंगळवारी बंद असते.

येथे मूळ प्रश्न येतो. आपण जाणार ते भाविक म्हणून की पर्यटक म्हणून? सहलीच्या पत्रकात हा प्रश्न विचारलेला नसतो. फ्रान्समध्ये मात्र तो प्रत्येक दारावर विचारला जातो, आणि उत्तराप्रमाणे दार बदलते. नोत्र दाम पुन्हा उघडल्यावर पहिले काही आठवडे गटांना प्रवेशच नव्हता. फेब्रुवारी २०२५ पासून यात्रेकरूंचे गट घेण्यास सुरुवात झाली. सांस्कृतिक भेटीसाठी येणाऱ्या गटांना जूनपर्यंत थांबावे लागले. हा क्रम कॅथेड्रलने जाणीवपूर्वक ठेवला होता. मिस्सासाठी येणाऱ्यांना आरक्षण लागत नाही. एकट्यादुकट्या पाहुण्याला त्याच दिवसाची किंवा पुढील दोन दिवसांची वेळ संगणकावरून विनामूल्य राखून ठेवता येते. गटांनी मात्र स्वतंत्र नोंदणी करावयाची असते आणि ती बरीच आधी करावी लागते. मनोऱ्यांवर जाण्यासाठी तिकीट आहे, कारण मनोरे शासकीय संस्थेच्या ताब्यात आहेत.

या दोन दारांचे सर्वांत बोलके उदाहरण काटेरी मुकुटाचे आहे. प्रभू येशूच्या मस्तकावरील मुकुट म्हणून पूज्य मानला गेलेला हा अवशेष राजा नववा लुई, म्हणजे संत लुई, यांनी १२३९ साली कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाकडून मिळविला. त्यासाठी त्यांनी सेंत शापेल बांधले. १२४८ साली त्याचे पवित्रीकरण झाले. पंधरा मीटर उंचीच्या पंधरा काचखिडक्यांत बायबलमधील हजाराहून अधिक प्रसंग तेथे रंगविलेले आहेत. फ्रेंच राज्यक्रांतीत ते चॅपेल उपासनेतून गेले, पुढे न्यायालयाची कागदपत्रे ठेवण्याची जागा झाले, आणि आज ते राष्ट्रीय स्मारक आहे. मुकुट नोत्र दाममध्ये गेला, आणि २०१९ च्या आगीतून तो बाहेर काढण्यात आला. आज ज्या घरात मुकुट नाही त्याला तिकीट आहे, आणि जेथे मुकुट आहे तेथे तिकीट नाही. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी नोत्र दाममध्ये त्याचे वंदन करता येते. यात्रेची तारीख ठरविताना पॅरिसचा मुक्काम अशा शुक्रवारी यावा, एवढे जरी साधले तरी नियोजनाचे सार्थक झाले असे मी म्हणेन. दोन्ही वास्तू एकाच बेटावर, काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. सेंत शापेलचे तिकीट काढण्यात काही वावगे नाही. ते सौंदर्य पाहण्याजोगेच आहे. परंतु पैसे थोडे असतील तर कोणते दार निवडावे, हे स्पष्ट व्हावे.

आता आपल्या सहलपत्रकांकडे पाहू. दहा दिवसांत पाच देश, पॅरिसला दीड दिवस, त्यात आयफेल मनोरा, नौकाविहार, अत्तराचे दुकान, आणि शेवटी ‘नोत्र दाम : बाहेरून’. अशा यात्रेला यात्रा म्हणावे, असे मला वाटत नाही. सहल म्हणून ती आनंदाची असेल. तिला सहलच म्हणावे. यात्रेकरू म्हणून नोंदणी करायची आणि आत गेल्यावर मिस्सा चालू असताना पाठीमागे छायाचित्रे काढत फिरायचे, याने मात्र त्या विनामूल्य दाराचेच नुकसान होते. आत येणारे बहुतेक लोक पर्यटकच असतील, तर त्यांनी पैसे द्यावेत, या युक्तिवादाला ख्रिस्तसभेकडे फार काळ उत्तर राहणार नाही. कायदा संसदेने केला आहे आणि संसद तो बदलू शकते.

पॅरिसला तीन दिवस दिले तर काय पाहता येईल? आपल्या पत्रकांत सहसा नसलेली एक वाट येथे सांगतो. जुने गोवे येथे ज्यांच्या पवित्र अवशेषांपुढे आपण पिढ्यान्पिढ्या गुडघे टेकले, आणि ज्यांचे प्रदर्शन नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात झाले, ते संत फ्रान्सिस झेवियर घडले पॅरिसमध्ये. १५२५ साली ते तेथील विद्यापीठात आले, सेंत बार्ब या महाविद्यालयात राहिले, आणि तेथेच त्यांची संत इग्नेशियस लोयोला यांच्याशी गाठ पडली. १५ ऑगस्ट १५३४ रोजी माँमार्त्र टेकडीच्या उतारावरील एका चॅपेलमध्ये सात मित्रांनी शपथ घेतली. त्यांच्यापैकी एकटे पीटर फेबर तोवर याजक झाले होते. त्यांनी मिस्सा अर्पण केली. ते मूळ चॅपेल राज्यक्रांतीत नष्ट झाले. त्या जागी आज एकोणिसाव्या शतकातील वास्तू आहे आणि ती ठरावीक वेळीच उघडते. म्हणून आधी पत्रव्यवहार करावा. पर्यटकांची गर्दी टेकडीच्या माथ्यावरील येशूच्या पवित्र हृदयाच्या बासिलिकेकडे जाते आणि या लहान दारावरून पुढे निघून जाते. बासिलिकेतही अवश्य जावे. तेथे १८८५ पासून पवित्र साक्रामेंताची अखंड आराधना चालू आहे. भारतात आल्यावर १५४४ साली झेवियर यांनी कोचीहून लिहिलेल्या पत्रात, पॅरिसच्या विद्यापीठात जाऊन तेथील विद्वानांना ओरडून जागे करावे, असे आपल्याला वाटत असल्याचे कळविले होते. ते पत्र त्या चॅपेलपाशी उभे राहून गटाला वाचून दाखवावे. कोणत्याही मार्गदर्शकाच्या भाषणापेक्षा ते आपल्या लोकांना अधिक भिडेल.

शहराच्या दुसऱ्या भागात र्यू द्यु बाक या रस्त्यावर, १८३० साली संत कॅथरिन लाबुरे यांना पवित्र मरियेचे दर्शन घडले ते चॅपेल आहे. आपल्या घराघरांतील चमत्कारिक पदकाचा उगम तेथला. त्याच रस्त्यावर, हाकेच्या अंतरावर, आशियात शतकानुशतके धर्मगुरू पाठविणाऱ्या पॅरिस परदेशी मिशन संस्थेचे घर आहे. दोन्हींसाठी अर्धा दिवस पुरतो. लिझ्यू येथील संत तेरेझा यांना १९२७ साली झेवियर यांच्या जोडीने मिशनकार्याची आश्रयदाती घोषित करण्यात आले. पॅरिसहून रेल्वेने सुमारे दोन तासांत तेथे पोहोचता येते. माँ-सँ-मिशेलला जायचे असेल तर मठाला तिकीट आहे, परंतु तेथील मठवासीयांच्या मिस्साला येणाऱ्याकडून ते घेतले जात नाही. पुन्हा तीच दोन दारे.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा हवा. फ्रान्सबरोबर रोम आणि फातिमाही असेल, तर ज्या देशात मुक्काम अधिक त्याच्याकडे अर्ज करावयाचा. मुक्काम समान असेल तर ज्या देशात प्रथम पाऊल ठेवू त्याच्याकडे. गटातील धर्मगुरूंनी आपण याजक असल्याचे धर्मप्रांताचे पत्र जवळ ठेवावे. त्याविना परक्या वेदीवर मिस्सा अर्पण करण्यास अनुमती मिळणे कठीण जाते.

पॅरिसहून लूर्द सुमारे ८०० किलोमीटर आहे. युरोपच्या नियमांप्रमाणे बसचालक दिवसाला साधारणपणे ९ तासच गाडी चालवू शकतो आणि दर साडेचार तासांनी त्याला पाऊण तास विश्रांती द्यावीच लागते. म्हणून एका दिवसात बसने लूर्द गाठून संध्याकाळची प्रार्थना करण्याचा बेत कागदावरच राहतो. जलद रेल्वेने सुमारे पाच तास लागतात. वृद्धांसाठी तीच बरी. लूर्दच्या परिसरात कोठेही प्रवेशशुल्क नाही. १८५८ साली चौदा वर्षांच्या बर्नादेतला ज्या गुहेत अठरा वेळा दर्शन झाले, तिच्यापुढे आजही कोणी पैसे मागत नाही. तेथे निदान दोन रात्री राहावे. यात्रेच्या मोसमात मेणबत्त्यांची मिरवणूक रात्री ९ वाजता निघते. सहल कंपन्यांच्या वेळापत्रकात अनेकदा नेमके त्याच वेळी जेवण असते. ते ७ वाजता मिळावे, हे हॉटेलचे आरक्षण करतानाच लेखी घ्यावे.