बैलाचे दात आणि चढाईपटूचे मोल

नेवासे तालुक्यातील घोडेगाव हे जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले गाव. बैल घेण्यास आलेला शेतकरी प्रथम जनावराचे तोंड उघडून दात पाहतो. आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि जुळलेला अशा वयाच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. परंतु जाणते गिऱ्हाईक तेवढ्यावर थांबत नाही. ते खांद्यावरील घट्टा चाचपते, बैल चालवून पाहते, खुरांकडे नजर टाकते. कारण दात केवळ वय सांगतात, जनावर किती राबले आहे हे खांदाच सांगतो. गेल्या हंगामातील नांगरट पाहून येत्या हंगामाचा भाव ठरवू नये, हे शहाणपण अशा बाजारांत पिढीजात आहे. प्रो कबड्डी लीगच्या लिलावगृहात मात्र ते अद्याप पुरते पोहोचलेले दिसत नाही.

ही स्पर्धा २०१४ मध्ये सुरू झाली. पाटण्याच्या संघाला ओळीने तीन विजेतेपदे मिळाली, तेव्हा प्रदीप नरवाल हा त्याचा प्रमुख चढाईपटू होता. २०१७ च्या एकाच हंगामात त्याने चढायांतून ३६९ गुण मिळविले. या कीर्तीवर २०२१ मध्ये यूपी योद्धा संघाने त्याच्यासाठी १ कोटी ६५ लाख रुपये मोजले. त्या वेळचा तो उच्चांक होता. २०२४ मध्ये बंगळूरच्या संघाने त्याला ७० लाखांत घेतले. २०२५ च्या लिलावात त्याच्यावर कोणीच बोली लावली नाही आणि त्याने निवृत्ती जाहीर केली. तेव्हा त्याचे वय अवघे २८ होते. चढाईपटूचे वय वर्षांनी नव्हे, तर चढायांनी मोजावे लागते, हाच याचा अर्थ. प्रत्येक चढाईत चार-सहा प्रतिस्पर्धी त्याच्या घोट्यावर, मांडीवर आणि कमरेवर तुटून पडतात. त्याची नोंद जन्मदाखल्यात होत नाही, गुडघ्यात होते.

पवन सेहरावतचे उदाहरण याहून उद्बोधक आहे. २०२२ मध्ये तमिळ थलैवाज संघाने त्याच्यासाठी २ कोटी २६ लाख रुपये दिले. पहिल्याच सामन्यात तो जायबंदी झाला आणि पूर्ण हंगामाला मुकला. तथापि, त्याच हंगामात हा संघ प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचला, आणि तो प्रामुख्याने तरुण खेळाडूंच्या बळावर. पुढील वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच पवनला २ कोटी ६० लाख ५० हजार रुपयांना घेतले. संपूर्ण संघ उभारण्यासाठी प्रत्येकाला ५ कोटींची मर्यादा होती. म्हणजे निम्म्याहून अधिक रक्कम एका खेळाडूवर गेली. पवनने स्वतः भरपूर गुण मिळविले, पण २२ सामन्यांपैकी संघाने जिंकले केवळ २ आणि तो तळाशी राहिला.

दोष पवनच्या पायांत नव्हता, हिशेबात होता. कबड्डीत बाद झालेला चढाईपटू मैदानाबाहेर बसतो आणि सहकाऱ्यांनी प्रतिपक्षाचा गडी बाद केल्यावाचून परत येऊ शकत नाही. बचावफळी दुबळी असेल तर अडीच कोटींचा खेळाडू बाकावर बसून राहतो. एकावर तिजोरी रिती करणारा संघ त्याला पुन्हा मैदानात आणणारे हात विकत घेण्याची ऐपतच गमावून बसतो.

याचा अर्थ मोठी रक्कम सदैव वाया जाते असा नाही. २०२३ मध्येच पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलुई याच्यासाठी २ कोटी ३५ लाख रुपये दिले आणि १ मार्च २०२४ रोजी विजेतेपद पटकावले. परंतु हा खेळाडू विशीच्या प्रारंभीचा, मुख्यतः बचावात मातब्बर. आणि त्याच्याभोवतीचा संघ आधीच घडलेला होता. कर्णधार अस्लम इनामदार हा अहिल्यानगर जिल्ह्यातील टाकळीभानचा, तर आकाश शिंदे नाशिककडचा. अशी मुले पुण्याच्या संघाने लिलावात फुगविलेल्या भावाने घेतली नव्हती, वाढविली होती. शादलुईला घेऊन २०२४ मध्ये हरियाणानेही विजेतेपद मिळविले; पण २०२५ मध्ये २ कोटी २३ लाख मोजणारा गुजरातचा संघ पहिल्या आठांतही आला नाही. नाणे तेच होते, पेटी निराळी होती.

अमेरिकेतील फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूविषयी हाच वाद अनेक वर्षे चालला आहे. न्यूयॉर्कच्या संघाने २०२४ मध्ये सॅक्वॉन बार्कलीला जाऊ दिले. फिलाडेल्फियाने २७ वर्षांच्या या खेळाडूशी तीन वर्षांसाठी ३ कोटी ७७ लाख ५० हजार डॉलरचा करार केला. त्या हंगामात तो २,००० यार्डांहून अधिक धावला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये संघ अजिंक्य ठरला. परंतु फिलाडेल्फियाकडे त्याच्यासाठी वाट मोकळी करणारी भक्कम फळी आधीपासून होती. अनुभवी धावपटू हा मंदिराचा कळस आहे. पाया म्हणून तो उपयोगी पडत नाही.

मग अनुभवी खेळाडूचे मोल काय? त्याचे उत्तर अनुपकुमारने दिले आहे. २०१५ मध्ये यू मुंबाला विजेतेपद मिळवून देणारा हा कर्णधार २०१८ मध्ये निवृत्त झाला आणि पुढे पुण्याच्या संघाचा प्रशिक्षक झाला. अस्लमने त्याच्याच मार्गदर्शनाखाली या स्पर्धेत पदार्पण केले. उतरणीला लागलेल्या पायांची किंमत कमी होते, जाणत्या डोक्याची वाढते. संघांनी मोबदला द्यावयाचा तो या दुसऱ्या गुणासाठी.

येथे बाजाराची उपमा संपते, आणि संपलीच पाहिजे. बैलाचा भाव उतरला तरी त्याची चिंता धनी करतो. खेळाडूचा उतरला की त्याच्यामागे धनी उरत नाही. नेवाशाच्या किंवा श्रीरामपूरच्या शाळेत पहाटे मातीत उतरणाऱ्या विद्यार्थ्याला वृत्तपत्रातील २ कोटी ६० लाखांचा आकडा ठळक दिसतो. २०२१ चे १ कोटी ६५ लाख २०२५ मध्ये शून्यावर आले, ही दुसरी ओळ त्याला कोणी दाखवीत नाही. ती दाखविण्याचे काम क्रीडाशिक्षकांचे आहे, आणि खेळ चालू असतानाच शिक्षण व नोकरीची वाट मोकळी ठेवण्याचे काम पालकांचे. संघमालक चुकले तर त्यांचा एक हंगाम बुडतो. मुलगा चुकला तर त्याला दुसरा हंगाम मिळत नाही.