ढगांवरचे शहर आणि चेंबरमधला माणूस : 'स्टार ट्रेक'मध्ये आम्हाला काय टोचले



'स्टार ट्रेक' ही अमेरिकन विज्ञान-मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली आणि आज साठ वर्षे होत आली तरी नव्या नव्या रूपांत चालूच आहे. तिच्यातले अंगावर काटा आणणारे प्रसंग कोणते, याची चर्चा जगभरचे चाहते हौसेने करतात. कोणी कानातून आत शिरणाऱ्या किड्याचा प्रसंग सांगतो, कोणी माणसाचे यंत्र करून टाकणाऱ्या बोर्गांचा. आम्हीही हे सगळे पाहिले. किड्याने आमची झोप उडाली नाही. आमची झोप ज्या प्रसंगांनी उडाली, त्यांत राक्षस नाहीत. त्यांत सभ्य, सुसंस्कृत, कलाप्रेमी माणसे आहेत.

आता लगेच प्रश्न येईल, "तुम्ही लोक करमणुकीतही जात काढता का?" उत्तर सोपे आहे. जात आम्ही काढलेली नाही. मालिकेनेच काढली. आम्ही फक्त ती ओळखली. जो रोज भोगतो त्याला ती दुसऱ्या ग्रहावरही ओळखू येते.

पहिला प्रसंग : वर कला, खाली खाण

१९६९ सालचा 'द क्लाउड माइंडर्स' हा भाग घ्या. अर्दाना नावाचा ग्रह. त्यावर ढगांत तरंगणारे स्ट्रॅटोस हे शहर. तिथे फक्त कला, चर्चा, सौंदर्य. हिंसा आम्ही कधीच सोडून दिली, असे तिथले लोक अभिमानाने सांगतात. खाली जमिनीच्या पोटात ट्रॉग्लाइट नावाचे लोक झेनाइट हे खनिज खणतात. त्यांना वर राहण्याचा अधिकार नाही. का? तर त्यांची बुद्धी मुळातच कमी, सौंदर्य त्यांना कळत नाही, वर आणले तर त्यांना झेपणार नाही. हा युक्तिवाद कुठे ऐकला आहे, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

आणि मग तो प्रसंग येतो. ट्रॉग्लाइटांची बंडखोर नेता वाना पकडली जाते आणि त्याच हिंसामुक्त शहरात तिला प्रकाशकिरणांनी यातना दिल्या जातात. शहराचा प्रमुख प्लासस याला त्यात काहीच विसंगत वाटत नाही. कारण त्याच्या लेखी अहिंसा ही आपसांत पाळायची गोष्ट आहे. खालच्यांना ती लागूच होत नाही.

पुढे उलगडा होतो. खाणीतल्या एका वायूमुळे माणसाची बुद्धी मंदावते आणि राग वाढतो. म्हणजे दोष जन्मात नव्हता, जिथे कोंडले त्या जागेत होता. कॅप्टन कर्क प्लाससलाच खाणीत आणतो आणि स्वतःलाही त्याच्यासोबत कोंडून घेतो. थोड्याच वेळात दोघे एकमेकांच्या अंगावर धावून जातात. उच्च संस्कृती गळून पडते. हा भाग आम्हाला मनापासून आवडतो.

पण शेवट? ट्रॉग्लाइटांना मास्क मिळतात. मास्क घाला आणि खणा. झेनाइट निघत राहील. कर्कचे जहाजही मुळात न्याय करायला आलेलेच नव्हते, ते झेनाइट न्यायला आले होते.

मित्रांनो, हा मास्क आपल्या ओळखीचा आहे. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी आली. गटारात मृत्यू झाला तर १० लाखांची भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले. ऑक्टोबर २०२३ मध्ये तीच रक्कम ३० लाख केली. रक्कम वाढवावी लागली, कारण मरणे थांबले नाही. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये विषारी वायूने माणूस गुदमरतो, आणि चर्चा होते ती मास्क होता की नव्हता, दोरी होती की नव्हती याची. मास्क आज, आत्ता मिळालाच पाहिजे, यात वाद नाही. पण त्या चेंबरमध्ये उतरणारा पिढ्यान्‌पिढ्या त्याच वस्तीतून का येतो, हा प्रश्न मास्क घातल्याने सुटत नाही. जात ही केवळ कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये दाखवून दिले. मालिकेने कामाचे साधन बदलले, वाटणी तशीच ठेवली.

दुसरा प्रसंग : गोड आवाजाचा कवी

१९९६ साली 'डीप स्पेस नाइन' या मालिकेत 'ॲक्सेशन' नावाचा भाग आला. आंबेडकरी तरुणांनी एकच भाग पाहायचा म्हटले तर हा पाहावा.

बजोर ग्रहावर पूर्वी 'जारा' नावाची व्यवस्था होती. ज्या घरात जन्म, त्या घराचा धंदा. कार्डेशियन लोकांनी ग्रह ताब्यात घेतला तेव्हा लढण्यासाठी सगळ्यांनाच हत्यार उचलावे लागले आणि जारा मोडल्या. मग एके दिवशी दोनशे वर्षांपूर्वीचा अकोरेम नावाचा कवी काळाच्या पोटातून परत येतो. देवांनी पाठवलेला दूत आपण आहोत असे सांगतो आणि लोकांना आवाहन करतो, जारांकडे परत चला.

तो क्रूर नाही. नम्र आहे, हळवा आहे, लोकप्रिय कवी आहे. जात परत आणायला दर वेळी तलवारवाला लागत नाही. "पूर्वी सगळे आपापल्या जागी सुखी होते" असे सुरेल आवाजात सांगणारा एक माणूस पुरतो. असे कवी, कीर्तनकार, व्याख्याते आपल्याकडे कमी आहेत का?

त्याहून टोचते ती कीरा. आयुष्यभर परकीय सत्तेशी लढलेली ही स्त्री. तिच्या घराण्याची जारा कलावंतांची निघते. बिचारी मातीचा पक्षी करू पाहते, जमत नाही. तरी श्रद्धेपोटी ती लष्करी पद सोडायला तयार होते. खालच्या जारेतला माणूस तिला आपली जागा देऊ करतो, तेव्हा ती अवघडते, पण व्यवस्था नाकारत नाही. समाजशास्त्रात आपण हे शिकतो आणि बाबासाहेबांनी त्याला नावही दिले आहे, श्रेणीबद्ध विषमता. प्रत्येकाच्या खाली कोणीतरी असतो, म्हणून प्रत्येकजण शिडी सांभाळतो. परकीयांशी लढणे सोपे. घरातल्या शिडीला लाथ मारणे अवघड.

आणि मग खून होतो. एका भिक्षूला दुसरा धर्मगुरू वरच्या मजल्यावरून ढकलून देतो. गुन्हा काय? तो अपवित्र मानलेल्या जारेतला होता आणि धर्मपद सोडायला तयार नव्हता. खून करणारा शांत आहे. त्याला पश्चात्ताप नाही. आपण धर्माचेच काम केले, असे त्याला वाटते. खैरलांजी आठवा, २००६. 'हे पायरी सोडून वागतात' हा राग कुठून येतो, ते आठवा. साठ वर्षांच्या मालिकेत आम्हाला याहून भयंकर प्रसंग सापडला नाही, आणि त्यात एकही राक्षस नाही.

उत्तर कोणी दिले?

इथे आमचे मालिकेशी भांडण आहे. मारला गेलेला माणूस आपल्याशी बोलत नाही. त्याची बाजू त्याच्या तोंडून ऐकू येत नाही. त्याच्या जारेतले लोक एकत्र येत नाहीत, मोर्चा काढत नाहीत, जारा मानायला नकार देत नाहीत. मग व्यवस्था कशी मोडते? कॅप्टन सिस्को आणि कवी दोघे देवांकडे जातात. देव सांगतात, खरा दूत सिस्को. कवीला त्याच्या काळात परत पाठवले जाते. संपले! उद्या देवांनी उलटा कौल दिला असता तर?

बुद्धाने स्वतःला मार्गदाता म्हटले, मोक्षदाता नव्हे. आपल्याला हा फरक चांगला कळला पाहिजे. आमच्या कोल्हापुरात राजर्षी शाहूंनी कौल लावला नाही. २६ जुलै १९०२ रोजी हुकूम काढून ५० टक्के जागा राखीव केल्या. गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात जाऊन चहा प्यायले. कोणी म्हणेल, शाहूही राजेच होते, तेही वरूनच आले. खरे आहे. म्हणूनच मार्च १९२० ची माणगाव परिषद महत्त्वाची. तिथे राजाने अस्पृश्यांना सांगितले की तुमचा पुढारी तुमच्यातूनच मिळाला आहे, आणि तरुण भीमराव आंबेडकरांकडे बोट दाखवले. पुढे १९२७ साली महाडचे पाणी लोकांनी स्वतः हात घालून घेतले. बजोरवर माणगावही झाले नाही आणि महाडही झाले नाही.

मालिकेला एक श्रेय मात्र द्यावेच लागेल. सिस्को स्पष्ट बजावतो की जातीवर आधारित भेदभाव फेडरेशनच्या सनदेत बसत नाही, जारा आणल्या तर बजोरला सदस्यत्व मिळणार नाही. १९९६ साली अमेरिकन टीव्हीवर हे म्हटले गेले. खऱ्या अमेरिकेत सिॲटल शहराने जातिभेदाला कायद्याने बंदी घालायला फेब्रुवारी २०२३ उजाडले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी तसेच विधेयक नाकारले. जगाला संगणक देणाऱ्या राज्याची ही गोष्ट आहे. विज्ञान पुढे गेले की जात आपोआप गळून पडेल, असे म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे. जातीचा पाया सजातीय विवाहात आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबियात मांडले. आज तोच पाया मॅट्रिमोनी ॲपवरच्या 'जात' या रकान्यात सुरक्षित आहे. पूर्वी मध्यस्थ शोधायचा, आता यंत्र एका सेकंदात गाळून देते.

तिसरा प्रसंग : फोटोत नसलेला लेखक

१९९८ सालचा 'फार बियाँड द स्टार्स' हा भाग. १९५३ चे न्यूयॉर्क. बेनी रसेल हा कृष्णवर्णीय विज्ञानकथालेखक. मासिकाने लेखकांचा फोटो छापायचे ठरवले, तेव्हा बेनीने आणि त्याच्या सहकारी लेखिकेने त्या दिवशी येऊ नये, असे सुचवले जाते. वाचकांना तुम्ही कोण हे कळायला नको. बेनी कृष्णवर्णीय कप्तानाची कथा लिहितो, तर मालक अख्खा अंकच नष्ट करतो. बेनी कोसळतो, ओरडतो, की कथा नष्ट करता येईल पण भविष्य माझ्या मनात आहे, ते नष्ट करता येणार नाही. हा प्रसंग पाहून ज्याच्या घशात काही अडकले नाही, त्याने आपले नाव कधी लपवलेले नसावे.

मराठी विज्ञानकथेत नाव लपवण्याची एक प्रसिद्ध गोष्ट आहे. डॉ. जयंत नारळीकर आमच्या कोल्हापुरात १९३८ साली जन्मले. १९७४ मध्ये त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठवली. आपल्या कीर्तीचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये, हा त्यांचा हेतू. कथेला पहिले बक्षीस मिळाले. ही सचोटी वंदनीय आहे आणि अंधश्रद्धेविरुद्ध ठाम उभ्या राहिलेल्या या वैज्ञानिकाबद्दल आम्हाला आदरच आहे. पण दोन लपवण्यांतला फरक पाहा. त्यांनी मोठे नाव लपवले, ते न्याय निखळ व्हावा म्हणून. आमच्या पोरांना भाड्याची खोली शोधताना आडनाव लपवावे लागते, ते न्याय मिळणारच नाही म्हणून. बाबूराव बागुलांनी १९६३ साली 'जेव्हा मी जात चोरली होती' लिहिले. ती कथा वर्तमानाची होती. भविष्याची कथा अजून कोणी लिहायची आहे?

हेच आमचे म्हणणे आहे. आत्मकथन आपण लिहिले, कविता लिहिली, जगाला हलवले. पण उद्या कसा असेल, हे सांगण्याचा मक्ता आपण दुसऱ्यांकडे सोडून दिला आहे. मग त्यांच्या उद्यामध्ये आपण एकतर खाणीत असतो, नाहीतर मजल्यावरून खाली पडलेले प्रेत असतो. आज कृत्रिम बुद्धिमत्तेला कोणाच्या कथा शिकवल्या जातात, हा प्रश्न तर याहून तातडीचा आहे.

म्हणून सूचना साधी आहे. यंदाच्या जयंतीच्या वर्गणीतला डीजेचा एक दिवसाचा खर्च बाजूला काढा. विहारात हे तीन भाग दाखवा, मराठीत समजावून सांगा, चर्चा घ्या. दहावी-बारावीच्या मुलामुलींची विज्ञानकथा स्पर्धा ठेवा. विषय एकच द्या : जात मोडलेल्या कोल्हापुरातला एक दिवस. त्या कथांत देवदूत नको, मास्कही नको. चेंबरमध्ये उतरायला नकार देणारी वाना हवी, आणि ढकलणाऱ्याचा हात धरणारा भिक्षू हवा.

जय भीम! नमो बुद्धाय!